बिनपुजेचं हत्यार

७ सप्टें., रविवार. कोरेगाव

सकाळी मिक्सर लावला तर आई धावत आली. "आगं बंद कर, ओम्याची मिटिंग चाललीय!" रविवारी कसली मीटिंग? तर म्हणे परदेशातला क्लायंट, त्यांना आपला रविवार कळत नाही. मग शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली. तीही हळू. मागच्या शेडमध्ये पप्पांचं जळक्या मोटरीत नवी तार भरायचं काम थांबलेलं, तारेचं रीळ मांडीवर घेऊन नुसते बसून होते. अख्खं घर पाय न वाजवता चालतंय, कारण माझा धाकटा भाऊ प्रोग्रामर आहे.

दुपारी मावशी आली. आईनं ओळख करून दिली तिच्या नव्या सुनेला. "ह्यो आमचा ओमकार, सॉफ्टवेअरला हाय. आन ही सारिका, सांगलीत दुकानात असती."

दुकानात! जसं काय मी साड्यांच्या घड्या घालते. लॅपटॉपच्या बोर्डवरचा तांदळाच्या कणीपेक्षा बारीक भाग उचलून मी त्या जागी दुसरा बसवते, आई. सांगली-मिरजेत हे करणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके. हे सगळं मनातच. चहा केला.

जळते मी ओम्यावर. लिहून टाकलं. आता झोप येईल.

१० सप्टें., बुध. सांगली

एका प्राध्यापकांचा लॅपटॉप, दोन दुकानांनी 'बोर्ड गेला' म्हणून परत दिलेला. सकाळपासून बसले. चार वाजता फॅन फिरला. प्राध्यापकांनी आमच्या मालकांचे, अण्णांचे आभार मानले, माझ्याकडे बघून "मिस्तरी कुठंयत?" विचारलं.

साडेपाचला अण्णांनी डबा उघडला (दिवस मावळायच्या आत जेवायचं, घरचा नियम). खाता खाता म्हणाले, "साताऱ्यात गाळा बघितलाय. दिवाळीत उघडायचा. दुरुस्तीचं बेंच तुझं. माणसं तू ठेव, मी डोकं घालायला येत न्हाई. दसरा करून ये घरी, मग सांग. दसऱ्यानंतरच्या सोमवारपतूर सांगितलंस तरी चालंल."

आनंदानं उडायला पाहिजे होतं. डोक्यात पहिलं काय आलं? आई मावशीला सांगतेय, "ही सारिका, साताऱ्यात दुकानात असती."

१४ सप्टें., रवि. सांगली, खोलीवर

ओम्याचा फोन. "तायडे, आमच्याकडं ट्रेनी घ्यायला लागल्यात. तुझं नाव दिलंय मी. पाच तारखेला ऑनलाईन टेस्ट. तू सकाळी पायथॉन शिकत असतीस ना, तेवढं बास हाय."

हे त्याला कुणी सांगितलं? आईनंच. सकाळी सहाला मी मोबाईलवर प्रोग्रामिंग शिकते ते गुपित होतं.

"तुला जमंल गं, सोपं असतंय."

सोपं असतंय! बारावीला याला रॅम म्हणजे काय ते मी शिकवलं. पण तो मनापासून बोलत होता. हीच अडचण. वाईट असता तर एकदा कडाकडा भांडून मोकळी झाले असते.

आणि मला कुणी ढकललं नाही हार्डवेअरला. डिप्लोमाला असताना मीच म्हणाले होते, मला उघडून बघायला आवडतं. आता कुणाच्या नावानं बोटं मोडू?

१८ सप्टें., गुरु.

सकाळी १२ प्रश्न सोडवले, ९ बरोबर. जमतंय. चुकलं की लाल ओळ येते, दुरुस्त केली की जाते. वास नाही, धग नाही. बोर्डात काय जळलंय ते मला आधी नाकानं कळतं.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. पावतीच्या मागं दोन रकाने आखले.

प्रो.: खुर्चीवर काम. घरून काम. गळ्यात ओळखपत्र. आई नाव घेईल. मिक्सर बंद.
हा.: बोटं भाजतात. पाठ धरते. 'मिस्तरी कुठंयत?' फॅन फिरतो तो आवाज.

परत वाचलं तेव्हा ध्यानात आलं, की प्रो.च्या रकान्यात प्रोग्रामिंगबद्दल एक अक्षर नाही. सगळा ओम्याच भरलाय. पावती फाडली.

२२ सप्टें., सोम. घट बसले

आईला फोन. अण्णांचं सांगितलं. "बरं हाय की." मग जरा थांबून, "पण ओम्याच्या कंपनीत लागलीस तर दोघं संगट घरातनंच काम करशीला. लोकांस्नी सांगाया बी बरं." मग दहा मिनिटं ओम्याच्या साहेबानं त्याचं कसं कौतुक केलं ते. मी इकडं 'हो का', 'व्हय का' करत नखं खाल्ली.

अण्णा म्हणतात, "आता कोड तर मशीनच लिहितंय म्हणं. पण मशीन बंद पडलं की उघडणार कोण?" अण्णांना त्यांचं बेंच चालवायचंय, ते असंच बोलणार. पण ओम्याही मागं एकदा पुटपुटला होता, "कधी नारळ देतील काय सांगता येत न्हाई." ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं! भावाची नोकरी जाईल म्हणून बरं वाटणारी बहीण. शाब्बास, सारिकाबाई.

२९ सप्टें., सोम.

अण्णांनी त्यांचं डाग द्यायचं जुनं सोल्डरिंग आयर्न माझ्या हातात दिलं. मूठ काळी पडलेली, पण टोक अजून झकास तापतं. "ह्याच्यावर मी शिकलो. घरी ने, खंडेनवमीला पूज. ज्याचं हत्यार त्यानं पुजावं."

पिशवीत आयर्न, मीटर, चिमटे, स्पिरिटची बाटली. उद्याची पॅसेंजर.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी. कोरेगाव
दुपार

पाट मांडला. पप्पांचे पान्हे, पकडी, टेस्टर. विळी, कोयता. आणि मधोमध ओम्याचा लॅपटॉप, उघडा, चालू. काहीतरी कंपनीकडं चढत होतं म्हणून बंद करायचा नव्हता. आईनं त्याच्याखाली नवं फडकं घातलेलं. पान्ह्यांखाली जुना पेपर.

मी पिशवी धरून उभी. आई विचारेल, तुझं काय ठेवायचंय का? विचारलं नाही. मला ठेवता आलं असतं. कुणी हात धरला नव्हता. पण मला विचारायला पाहिजे होतं.

आईनं झेंडूचं फूल तांब्यात बुडवलं आणि शिंपडलं. पान्ह्यांवर एकदा. कोयत्यावर एकदा. लॅपटॉपवर दोनदा, तिसऱ्यांदाही, लाडका ना. थेंब बटणांवर पडले, मधल्या फटींत गेले. पप्पा डोळे मिटून हात जोडलेले. ओम्या बाहेर फोनवर.

मी बघितलं. तोंड उघडलं होतं. 'आई, पाणी नको.' तीन शब्द. मिटलं.

पुरणपोळी खाल्ली. दोन.

सायंकाळ

साडेतीनला लॅपटॉप गपकन बंद. ओम्या पांढराफटक. उद्या क्लायंटला दाखवायचंय, परदेशात कुठला दसरा, आणि शेवटचा भाग वर चढायच्या आधीच बंद पडलं. साहेबाला फोन केला. साहेब म्हणाला, उघडा, पण बिघडलं तर तुमच्यावर. गावात एक दुकान उघडं नाही.

आई देवापुढं बसून रडायला लागली. "देवाचं पाणी बाधलं कसं? माझ्याच हातनं झालं गं."

पप्पा उठले, पाटावरचा स्क्रू ड्रायव्हर उचलायला गेले. आई रडता रडता ओरडली, "आवं, पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई!"

मी म्हणाले, "माझ्या हत्याराला कुठं हळद लागलीय? पिशवीतच हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं. बोलले ते टोचायलाच.

शेडमध्ये बसले. पप्पांनी बॅटरीचा उजेड धरला. मागचं झाकण काढलं, बोर्ड बाहेर. पाणी बटणांखालून उतरलेलं, कुंकवाचा लाल ओघळ बोर्डापर्यंत. स्पिरिटनं धुतलं, ब्रशनं घासलं, वाळवलं. तरी पॉवर घेईना. मीटर लावत गेले. एका जागी शॉर्ट. तीळभर कपॅसिटर जळलेला. अण्णांचं आयर्न तापवलं, उचलून काढला. याच्या शेजारी दुसरे दोन आहेत, तेवढ्यावर चालतं.

पप्पा विचारत होते. "ह्ये काय गं? आन् ह्ये? मोटरीत आपण कंडेन्सर लावतो त्यातलंच का?" त्यातलंच, पप्पा. हात न हलवता तासभर बॅटरी धरली त्यांनी.

ओम्या दारात उभा. हळूच म्हणाला, "पप्पांनी माझ्या कामाचं कवा असं इचारलं न्हाई." त्याचा तो चेहरा मला ओळखू आला. एरवी माझाच असतो.

बरं वाटलं मला. खोटं कशाला लिहू.

फॅन फिरला. ओम्यानं मिठी मारली. आई दारातनं म्हणाली, "चालू झालं?" आणि परत रडली.

कुणालाच माहीत नाही.

२ ऑक्टो., गुरु. दसरा

क्लायंट खूश. संध्याकाळी सोनं द्यायला जो आला त्याला ओम्यानं गोष्ट सांगितली. "आमची तायडी नसती तर काल माझं खरं न्हवतं!" आणि आई. माझी आई. शेजारच्या काकूंना, "सारिका बोर्डाचं काम करती. तांदळाच्या कणीपरीस बारीक असतंय, डोळ्यांस्नी दिसत न्हाई." म्हणजे तिनं ऐकलं होतं कधीतरी मी सांगितलेलं. लक्षात ठेवलं होतं.

इतकी वर्षं हेच ऐकायचं होतं. आज ऐकलं, आणि आपट्याची पानं घेऊन मागच्या दारी जाऊन उभी राहिले.

प्रत्येकाला गोष्ट सांगताना आई सुरुवात एकाच वाक्यानं करते. "माझ्या येडीच्या हातनं झालं बगा." पाच घरी सोनं दिलं, पाचही ठिकाणी तेच.

सांगणार होते. भांडी घासताना दोनदा तोंडावर आलं.

४ ऑक्टो., शनि.

अण्णांचा फोन. "दसऱ्याचं सोनं दिलं न्हाईस अजून." मग, "गाळ्याच्या मालकाला सोमवारी शब्द द्यायचाय." सांगते म्हणाले. ओम्यानं मला सराव परीक्षा दिली त्याच्या टेबलावर बसवून. ३० पैकी २३. "पास हुतीस तायडे!" त्याला माझ्यापेक्षा जास्त आनंद.

खुर्ची मऊ आहे. फिरते.

पप्पा जेवताना एवढंच म्हणाले, "साताऱ्याचा गाळा कुठल्या रोडला हाय म्हणालीस?" मी म्हणालेच नव्हते. सांगितलं. त्यांनी मान हलवली, भाकरी मोडली.

तेवीस गुण मिळाले तेव्हा फॅन फिरल्यासारखं काही झालं का? झालं थोडं. मला वाटलं होतं होणार नाही. आता तेही सोपं राहिलं नाही.

५ ऑक्टो., रवि. कोरेगाव

टेस्ट चारला. आत्ता पावणेचार होतील. ओम्याची खुर्ची, ओम्याचं टेबल. त्यानं नेट तपासलं, दार लोटून घेतलं. बाहेर त्याचा आवाज, "आये, मिक्सर लावू नगं, तायडीची टेस्ट हाय." शेडमधला ठोकायचा आवाज थांबला. पप्पा रीळ मांडीवर घेऊन बसले असतील.

घर माझ्यासाठी गप्प आहे.

मघाशी आई आत आली होती. हातात कुंकवाची कोयरी आणि तांब्या, तांब्यात झेंडूचं फूल. "तुझं त्ये हत्यार दे. नवमीला राहूनच गेलं बग. मीच इसरले. एवढं पोरीनं वाचवलं आन् तिच्याच हत्याराला हळद न्हाई."

पिशवीतून आयर्न काढून टेबलावर ठेवलं. लॅपटॉपच्या शेजारीच. आईनं फूल बुडवलं, हात उचलला.

"आई, पाणी नको."

पटकन निघालं तोंडातून. किती सहज.

आईचा हात तसाच राहिला. फुलाचं पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. ती लॅपटॉपकडं बघत होती, मग माझ्याकडं.

"तवा का न्हाई बोललीस?"

रागानं नाही विचारलं. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिनं फूल तांब्यात ठेवलं, कोरडं बोट कुंकवात बुडवलं आणि आयर्नच्या काळ्या मुठीवर टेकवलं. दोन क्षण तसंच धरलं. दार ओढून गेली. ओम्याला काही बोलली नाही, मी कान देऊन ऐकलं. स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला, तोही हळू.

स्क्रीनवर 'सुरू करा' आलंय. मोबाईलवर अण्णांचा एक चुकलेला फोन.

चारला पाच कमी. आईला उत्तर द्यायचं राहिलंय.