आजोबा असल्यामुळे अपात्र

कोलियरी रो, नॉर्थम्बरलंड
२४ ऑगस्ट

आदरणीय हेडलीसाहेब यांना नॉर्मन थर्लवेलचा, टोपी काढून, नमस्कार.

तुमचा नवा खुबा कसा आहे? जुन्या पायाशी त्याचं जमतंय ना? तुमच्या भगिनी मॉडबाईंचा दमा आणि मांजर दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा आहे. (मांजर आटोक्याबाहेर चाललंय, असं मागच्या फोटोवरून वाटलं.) आमच्याकडे सौ. मॉरीन मजेत, शाळेच्या स्वयंपाकघरात अजूनही तीनशे पोरांना मटार गिळायला लावते. माझा गुडघा बस चालवणं सुटल्यापासून हवामान खात्याचं काम करतो. आधीच सांगून टाकतो, हे पत्र कुठल्याही कामासाठी लिहिलेलं नाही. निव्वळ आठवण आली. लीकच्या भाजीच्या प्रदर्शनाचे मुख्य परीक्षक म्हणून निवृत्त होऊन तुम्ही बहिणीकडे समुद्रकाठी गेलात, तेव्हापासून गावात काटेकोर माणूस उरलाय तो मीच, आणि एकट्याला ते जड जातं.

आमची कर्स्टी आठवत असेल, लहानपणी तुमच्या लीकच्या तराजूत बसून ती उठेचना. ती आता वृद्धाश्रमात काम करते, आणि तिच्या दोन वर्षांच्या टिलीला आठवड्यातले तीन अर्धे दिवस मी सांभाळतो. मोबदला, एक चावलेलं बिस्किट. तर कर्स्टीला तिथे मुख्य सेविकेची कायमची जागा मिळतेय, सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपासून. पण पूर्ण दिवस. जावई पहाटेच बेकरीची गाडी घेऊन निघतो. मी पूर्ण दिवस बसायचं, तर शाळेसमोर पोरांना रस्ता ओलांडून देण्याचं माझं काम सुटतं, आणि घरातला निम्मा किराणा त्यावर चालतो. पाळणाघरात चौकशी केली, तर कर्स्टीचा अख्खा पगार त्यांना देऊन वर बसभाडं घरून घालावं लागेल असा हिशेब निघाला. म्हणजे नोकरी करायची ती पाळणाघराला बरं चाललंय ना हे बघायला. पोरगी नुसती वृद्धाश्रमाचा गणवेश इस्त्री करत राहिली, तोच तोच.

कमी पगाराच्या कामकरी आईबापांना मूल सांभाळण्याच्या खर्चात सरकार मदत करतं, हे कळलं तेव्हा मी पालिकेच्या कचेरीत गेलो. काउंटरवर एक चुणचुणीत पोरगी होती, कानात मुळ्याएवढे डूल. मुलीला कोण सांभाळतं, म्हणाली. मी, म्हटलं. तुम्ही तिचे कोण? आजोबा. "अरेरे!" ती म्हणाली, मी एखादा आजार सांगितल्यासारखी. मग तिने समजावलं. नोंदणी केलेल्या परक्या माणसाने सांभाळलं, तर तो व्यवसाय. त्याला पावती असते, आणि पावतीवर खर्चाचा मोठा भाग परत मिळतो. आजोबांनी सांभाळलं तर ती माया, आणि मायेला पावती नसते. (परका इसम चालतो, सख्खा आजोबा चालत नाही! मी म्हटलं, बाई, टिलीशी भांडण करून येऊ का?)

तेवढ्यात माझ्या मागून कोणीतरी खोकलं. तो खोकला मी स्वर्गातसुद्धा ओळखीन, अर्थात तो माणूस तिथे भेटेल असं नाही. कथबर्ट ड्रिस्डेल! हातात तोच फॉर्म. त्याचा तीन वर्षांचा नातू बार्नी, सून सुपरमार्केटात कामाला, आणि रोग तोच, आजोबा. पोरीने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. "एकाच रस्त्यावर राहता. तुम्ही दोघं एकमेकांचे कोण?"

"कोणी नाही!" आम्ही एकदम ओरडलो. नऊ वर्षांत आमचं एकमत झालेलं ते पहिलंच.

"वा," ती डूल हलवत म्हणाली, "मग झालंच की काम."

तर असं आहे, साहेब. त्याचा नातू मी सांभाळायचा, माझी नात त्याने. दोघांनी नोंदणी करायची. समोरासमोरची घरं, मध्ये दहा पावलांचा रस्ता, आणि माझं रस्त्याचं काम त्याची सून सकाळी बार्नीला सोडायच्या आधीच उरकतं. (संध्याकाळच्या पाळीला बार्नीला बरोबर नेईन, त्याला माझी ती लांब काठी फार आवडते.) कर्स्टी पाळणाघराहून निम्म्यात सुटते आणि त्यातलंही बरंचसं परत मिळतं. अडचण एकच, कथबर्टशी बोलावं लागणार.

ते प्रकरण तुम्हाला सांगायला नको, निकाल तुमचाच होता. तरी सत्याची उजळणी वाईट नाही. नऊ वर्षांपूर्वी तीन एकसारख्या लीकांच्या गटात मी पहिला आलो, बक्षीस तांब्याची किटली. आणि हा गृहस्थ भर मंडपात म्हणाला, की त्यातलं तिसरं लीक त्याच्या वाफ्यातलं आहे! तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "नॉर्मन, तिन्ही तुझीच?" मी म्हटलं, माझीच. "तुझा शब्द आहे म्हणून," म्हणालात आणि किटली दिलीत. तेव्हापासून अबोला. बाहेरचा माणूस म्हणेल, कांद्याच्या या जाडजूड चुलतभावापायी नऊ वर्षं? म्हणू दे. बाहेरच्याला लीकमधलं काय कळतं!

मग एका शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात प्रशिक्षण झालं. बावीस तरुण बाया आणि आम्ही दोन म्हातारे, त्यामुळे जोडी आमचीच लागली. घास अडकलेल्या रबरी बाळाला वाचवायचं होतं. कथबर्ट म्हणाला, पाठीत थोपट. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. आमचा निर्णय होईपर्यंत बाळ दोनदा दगावलं. (शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, तिसऱ्यांदा दगावलं तर दुसऱ्या जोडीला देईन.) तिसऱ्या खेपेला त्याने पाय धरले, मी थोपटलं, आणि बाळाने नाणं बाहेर टाकलं. आम्ही चक्क हात मिळवले आणि लगेच पँटीला पुसले. पुढे घराची तपासणी झाली. तपासनिसाने विचारलं, घरात विषारी असं काय आहे? मॉरीन म्हणाली, "याचं तोंड." ते त्यांनी लिहून घेतलं की नाही ते मला दिसलं नाही.

गेल्या गुरुवारी रंगीत तालीम ठेवली, बिनपैशाची. टिली सकाळी रस्ता ओलांडून गेली ती मागे वळूनही न बघता! मी पडद्याआडून पाहतोय तर ही त्याच्या खिडकीत त्याच्या मांडीवर, त्याची टोपी घालून, तोंडभर जाम. साहेब, बसमधून तीस वर्षं लोक मला न सांगता उतरत आले, पण इतकं लागलं नव्हतं. इकडे बार्नी गुणी पोर. मी नियमाप्रमाणे रोजनिशी लिहायला बसलो (मुलाने काय खाल्लं, किती, कोणत्या मनःस्थितीत) आणि दीड पान होईपर्यंत घर अगदी शांत. ही शांतता म्हणजे धोका, हे प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण ते ऐकताना मी कथबर्टशी भांडत होतो. बार्नीने माझी सहाच्या सहा लीकं उपटली होती. प्रदर्शनाला सतरा दिवस! पिंपातल्या पाण्यात धुऊन, ओळीने सोफ्यावर निजवून, वर मॉरीनची शाल पांघरून तो त्यांना थोपटत होता. मला बघून ओठांवर बोट ठेवलं. "शू. झोपलीत."

घडलेली प्रत्येक गोष्ट वहीत नोंदवून पालकाची सही घ्यावी लागते. मी लिहिलं, 'बागकाम. मुलाने पुढाकार घेतला.' कथबर्ट न्यायला आला, वही वाचली, शाल उचलली, आणि खुर्चीत बसला. मला वाटलं, आता हसेल आणि मी त्याला मारीन. तर तो म्हणाला, "नॉर्मन, देवाशपथ, मी नाही रे शिकवलं त्याला." मग म्हणाला, "माझ्यातली तीन घेऊन जा. मंडपात तुझं टेबल रिकामं बरं दिसायचं नाही."

मी नको म्हटलं. मॉरीनने त्या सहांचं सूप केलं, दोन्ही घरं एका टेबलाशी बसली, कर्स्टी इतक्या दिवसांनी मोठ्याने हसली, आणि टिली कथबर्टला आजोबा म्हणाली. (मलाही म्हणते. मी विचारून खात्री केली.) बाकी क्षेम. मॉडबाईंना सांगा, मांजराला लीक देऊ नका.

तुमचा,
नॉर्मन

ता.क. शुक्रवारपर्यंत आम्हा दोघांच्या नोंदणीसाठी शिफारशीचे दोन फॉर्म तुमच्याकडे येतील, तेवढे त्याच दिवशी भरून पाठवा. नात्यात नसलेला, पाच वर्षांहून जास्त ओळखणारा, गावात शब्दाला मान असलेला माणूस हवा म्हणे. मी आणि कथबर्ट, दोघांनीही तुमचंच नाव दिलंय. तेवढ्या दोन कागदांवर कर्स्टीचा सोमवार अडलाय. दहाव्या रकान्यात 'परक्याचं मूल वाढवण्याचा अनुभव' विचारलाय, तो कोरा सोडा. नववा रकाना 'अर्जदार प्रामाणिक आहे का?' तिथे काय लिहायचं ते तुम्ही जाणता.

ता.ता.क. तुम्ही जाणत नाही. तेच तर. नऊ वर्षांपूर्वीचं तिसरं लीक कथबर्टचंच होतं. माझं सकाळी मोडलं, त्याचं समोरच्या कुंपणाआड उभं होतं. खोटा शब्द देऊन तुमच्याकडून खरा शब्द मागणं जमेना, म्हणून आता सांगतोय. नववा रकाना तुमच्या मनाला येईल तसा भरा. फक्त पोरीला माझ्यापायी अडवू नका.

ता.ता.ता.क. हे पत्र पाकिटात घालण्याआधी रस्ता ओलांडून कथबर्टला वाचून दाखवलं आणि किटली त्याच्यापुढे ठेवली. त्याने किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं. मग म्हणाला, ते लीक ज्या रोपाचं होतं, ते रोप त्याने त्या वसंतात माझ्या काचघरातून उचललं होतं! म्हणजे ते माझंच, त्याच्या वाफ्यात वाढलेलं. आणि खरं सांगतो साहेब, माझ्या बाकीच्या दोन्हींपेक्षा अंगाने ते चांगलं भरलं होतं. तेव्हा परक्याचं मूल वाढवण्याचा तो दहावा रकाना कोरा सोडू नका. दोघांच्याही फॉर्मवर 'होय' लिहा.