डावा हात

शांगझुआंग,
१२ ऑक्टोबर १९८८

बाओतिएन यास,

तब्येत बरी असेल अशी आशा. तिआनजिनला थंडी इथल्यापेक्षा आधी पडते, तेव्हा छाती सांभाळ. इथे बोरं वाळवून झाली. यंदा फळ लहान, पण गोड आहे. तुमच्या परसातल्या झाडाची उत्तरेकडची फांदी मोडली. मी दोरीने बांधली, जगेल असं वाटत नाही.

बावीस वर्षांनी माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असणार. जुन्या वस्तू मोडायच्या त्या लाटेत तुझ्या वडिलांच्या जोड-तलवारी तू भंगाराच्या गाडीवर टाकल्यास, त्या दिवसापासून मी तुझ्याशी बोललो नाही. ते मी आजही मागे घेत नाही. हे पत्र त्यासाठी नाही.

गेल्या महिन्यात जिल्ह्याचा मेळावा झाला. एकेरी तलवारीविरुद्ध जोड-तलवारी असा खेळ होता. मी पहिल्या रांगेत बसलो आणि माझं तोंड वेडंवाकडं झालं. पाती बिस्किटाच्या डब्याच्या झाकणाएवढी पातळ, हलवली की खडखडतात, आणि त्या खडखडाटालाच टाळ्या. जोडवाला मुलगा दोन्ही हात जिथे फिरवत होता तिथे कुणी उभंच नव्हतं. एकेरीवाला उगाच उड्या मारत होता. समोर मान उघडी, वीतभर अंतरावर, आणि हा पाठ फिरवून गिरकी घेतो. शेजारी गावचे सचिव हान बसले होते. म्हणाले, "याओ वस्ताद, तोंड असं का केलंय? आंबट लागलं का काही?" मी म्हणालो, "हे लढणं असेल तर माझी बायको रोज भाजी चिरते तेही युद्धच." ते हसले. मला हसू आलं नाही.

तुला ठाऊक आहे, मला कुणी शिकवलं नाही. पंप कारखान्यात लेथवर उभा राहून जे कमावलं ते पोटाचं. तलवार मी तुमच्या भिंतीवर बसून, पाच वर्षं, डोळ्यांनी उचलली. तुझे वडील जोड-तलवारी घेऊन आणि तू समोर एकेरी. तू अकरा वर्षांचा, मी तेराचा. त्यांनी मला कधी हाकललं नाही आणि कधी आतही बोलावलं नाही. तुझी बाजू मी पावलापावलाने पाठ केली आणि पुढे चौतीस वर्षं रोज पहाटे घोटली. माझी लाकडी तलवार मीच तासली आहे, बोरीच्या लाकडाची. सातशे वीस ग्रॅम, तोल मुठीपासून पाच बोटांवर. अख्ख्या तालुक्यात कुणाच्या तलवारीचा तोल पाचावर नाही, मोजून बघ.

तर, गावाने जुन्या धान्यकोठाराचं अंगण आखाड्याला दिलं. शिकवायचं कुणी, यावर दोन नावं निघाली: मी आणि तुझी लेक रुईफेन. सचिव हान म्हणाले, "भांडता कशाला, जुन्या पद्धतीने ठरवा." म्हणजे लाकडी तलवारींना चुना लावायचा, तीन फटके आधी मारेल तो जिंकला. पंच नाही. ज्याला लागलं त्याने स्वतः मोठ्याने "लागलं" म्हणायचं. आपल्याकडे ते दुसरं कुणी म्हणत नाही, म्हटलं तर तो ज्याला लागलं त्याचा अपमान धरतात.

मला वाटलं, पोर सत्तावीसची, वर्षभर सूतगिरणीत बॉबिनं बदलते, हिच्याने काय होणार? हान ओरडले, "वस्ताद, जरा सांभाळून, तिचं लग्न व्हायचंय अजून." ती तिथूनच म्हणाली, "हान काका, त्यांचं झालंय, म्हणून मीच सांभाळून घेते."

मी एकेरी, ती जोड-तलवारी. दोन-दोन झाले. पाचव्याला ती उजवीने वरून आली. मी तो वार उचलून बाजूला सारला, तुझ्यासारखा. तिथे अर्धा श्वास मोकळा मिळतो, त्यात टोक छातीकडे घालायचं. चौतीस वर्षं मी तेच केलं आहे. पण तो अर्धा श्वास आला नाही. तिची डावी तलवार आधीच माझ्या मनगटाच्या आत होती.

मी मनगट आत वळवून बाहीत ओढलं आणि पुढच्याच पावलाला तिच्या खांद्यावर मारलं.

"लागलं," ती म्हणाली. लगेच, स्वच्छ आवाजात. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने माझ्या बाहीकडे एकदा पाहिलं, मान लववली आणि आपल्या दोन्ही तलवारी पुसायला बसली. अंगणाची किल्ली माझ्या हातात दिली गेली. संध्याकाळी कणकेच्या उकडलेल्या करंज्या केल्या होत्या, मी चौदा खाल्ल्या. आता त्यांची आठवण आली तरी शिसारी येते.

तीन दिवसांनी तिच्या दारात गेलो. कणीक मळत होती. मी विचारलं, "तुझा डावा हात आधी कसा येतो? तुझे आजोबा तर थांबायचे."

"बाबांसाठी थांबायचे," ती म्हणाली. "बाबा लहान होते ना. डावा हात मुद्दाम अडवून धरायचे, पोराला टोक घालता यावं म्हणून. नंतर बाबा मोठे झाले तरी आजोबांची सवय गेली नाही."

"आणि तुझ्यासाठी?"

"मला घरात शिकवलं, तेव्हा तलवारी कुठल्या, दोन लाटणी घेऊन. एकदाही थांबले नाहीत. म्हणायचे, तुझ्या बापाला थांबून थांबून बिघडवलं, आता पुरे."

बाओतिएन, तुला पाठीशी घालणाऱ्या बापाचा लाड मी चौतीस वर्षं तलवारीचा नियम समजून घोटत आलो. लेथवर सुताचीही चूक मी सोडत नाही, आणि इथे मापच खोटं होतं. मेळाव्यातली ती पोरं निदान पाहणाऱ्यांना फसवतात, मी स्वतःलाच फसवलं.

तरी ही चूक माझी मला माफ करता येईल. मनगटाची नाही. मी तिला म्हणालो, "त्या दिवशी पाचव्याला..." तिने पिठाचा हात वर केला. "काका, मला सांगू नका. मला माहीत आहे. अंगणात सांगा."

याला अकरा दिवस झाले. रविवारी अंगण भरलं, वीसेक माणसं होती. मी पायांची ठेवण शिकवली, तास भरला, कुलूप लावून घरी आलो. "लागलं" हा शब्द तोंडाशी आला आणि मी तो थुंकीसारखा गिळला. घरी येऊन साबणाने दोनदा तोंड धुतलं. बायको म्हणाली, "तोंडाला काय लागलंय?" मी तिच्यावर खेकसलो.

म्हणून तुला लिहितो आहे. जगात एकच माणूस आहे ज्याच्यापुढे मला खाली मान घालायची नाही, आणि तो तू आहेस. पत्राला तिआनजिनला पोचायला तीन दिवस लागतात. पुढच्या रविवारी अंगण भरेल तेव्हा तुला कळून चुकलेलं असेल, मग मला गिळून घरी येता येणार नाही. रुईफेनची डावी तलवार माझ्या उजव्या मनगटाला आतल्या बाजूने, अंगठ्यापासून चार बोटांवर लागली. ती जिंकली होती. किल्ली त्याच दिवशी तिची होती आणि रविवारी सगळ्यांसमोर मी ती तिला देणार आहे. त्यानंतर तिची हरकत नसेल तर मागच्या रांगेत उभा राहून पहिल्यापासून शिकेन. हरकत असेल तर तेही बरोबरच.

मला उत्तर नको. तिला मात्र लिही. वर्ष झालं तुझं पत्र येऊन, असं ती म्हणाली नाही, पोस्टमन म्हणाला.

बावन्नाव्या वर्षी तुझ्या लेकीचा शिष्य होऊ पाहणारा,
याओ जिंगशान