पोचलं असं समजून

बाई, गेल्या महिन्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी माझी एक चूक कबूल केली, आणि बोलून झाल्यावर पहिला तुमचाच चेहरा डोळ्यांसमोर आला. तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं होतील. या नऊ वर्षांत मनातल्या मनात तुमच्याशी कितीदा तरी बोलले असेन, पण लिहायला म्हणून आज पहिल्यांदा बसतेय. लिहिण्याची आणि माझी दोस्ती किती उशिरा झाली, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक आहे?

चौथीचा वर्ग. कोळीवाड्याच्या टोकाला आमची कौलारू शाळा, आणि तुम्ही रोज किहीमहून सायकलवर येता. साडीच्या निऱ्या चेनमध्ये जाऊ नयेत म्हणून कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला, आणि तो काढायचा विसरून तुम्ही तसाच अर्धा दिवस शिकवता. आम्ही मुली एकमेकींना कोपराने ढोसतो. मंगळवारी आणि शुक्रवारी शुद्धलेखन. तुम्ही खिडकीशी उभ्या राहून वाक्य सांगायचात आणि माझा हात दुसऱ्या शब्दावर असताना सगळा वर्ग सहाव्यावर गेलेला असायचा. मला शब्द यायचे, नुसता हात संथ होता. पण पेन्सिल थांबली तर सगळ्यांना दिसेल, म्हणून मी एक युक्ती काढली. जे शब्द निसटायचे त्यांच्या जागी मी नुसत्या वळणदार रेघोट्या मारायची, वरून शिरोरेघ ओढायची. लांबून बघणाऱ्याला पान भरलेलं दिसे. बरेच आठवडे ते खपलं, कारण तुम्ही आम्हाला एकमेकांच्या वह्या तपासायला द्यायचात आणि माझी वही माझ्या मैत्रिणीकडे जायची.

एका शुक्रवारी तुम्ही वह्या घरी घेऊन गेलात. सोमवारी मधल्या सुट्टीत मला थांबवलंत. वर्गात आपण दोघीच. तुम्ही वही उघडून माझ्यापुढे ठेवलीत.

“वाच.”

मी आठवून आठवून काहीतरी वाचलं. तुम्ही रेघोट्यांच्या एका शब्दावर बोट ठेवलंत. “हा कोणता?”

मी तळव्याने ती ओळ झाकायला गेले.

“सुटला, तर ‘बाई, थांबा’ असं का म्हणाली नाहीस?”

“सगळे लिवत होते.”

“अगं, तुझी पेन्सिल हलत होती. मी समजले, पोचलं. मला कसं कळणार?” तुमचा आवाज चढलेला नव्हता, पण त्यात जे होतं त्याने माझे कान तापले. “हळू लिहितेस, त्याचं मला काही नाही. पण भरलेलं दाखवलंस, याचा मला राग आलाय.”

त्याच संध्याकाळी आई तुम्हाला शाळेबाहेर भेटली. सुकट वाळवून आली होती, हाताला वास होता म्हणून ती तुमच्यापासून जरा लांबच उभी राहिली. म्हणाली, “पोरीला घरी बसवते बाई. हिला लिवाय येत न्हाय. माझ्यासंगं बाजारला येईल.” तुम्ही म्हणालात, “येतं तिला. सावकाश येतं. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या.” दुसऱ्या दिवशी आईने मला शाळेत पाठवलं. आज मी जी काही आहे ती त्या तीन वाक्यांमुळे आहे, असं मी म्हटलं तर तुम्हाला आवडणार नाही, पण तसं आहे.

मग दर शनिवारी शाळा सुटल्यावर तुमच्या सायकलच्या कॅरिअरवर बसून किहीम. तुमच्या स्वयंपाकघरात मागच्या दाराशी मला पाट मांडलेला. दारातून वाडीतल्या नारळी-पोफळी दिसतात, रहाटाचं पाणी पाटातून जाताना ऐकू येतं. तुम्ही विळीवर नारळ खवताय आणि खवता खवता सांगताय. पहिल्याच दिवशी तुम्ही नियम केलात. “उजव्या हाताने लिही, डाव्या हाताची बोटं वर धर. जितकी बोटं, तितकेच शब्द मी सांगेन. मूठ मिटलीस की गप्प बसेन. मग तू परत बोटं दाखवेपर्यंत एक अक्षर बोलणार नाही.” मला ते खोटं वाटलं. मोठं माणूस, त्यातून शिक्षक, माझ्या मुठीसाठी कशाला गप्प बसेल? मी मुद्दाम मूठ मिटून बराच वेळ बसले. तुम्ही नारळाची एक कवड संपवलीत, दुसरी घेतलीत, कढीला फोडणी दिलीत. बोलला नाहीत. शेवटी मीच घाबरून एक बोट वर केलं आणि तुम्ही एकच शब्द सांगितलात, “शाबास.” मी तोही वहीत लिहिला. तुम्ही इतक्या हसलात की कढी उतू गेली.

दिवाळीनंतर माझी चार बोटं वर जायला लागली, आणि तुम्ही तोच नियम सगळ्या वर्गाला लावलात. सगळ्यांनी बोटं दाखवायची, आणि सर्वांत कमी बोटं असतील तितके शब्द. हेडमास्तरांची मुलगी चिडून म्हणाली, “बाई, हिच्यापायी आम्हाला थांबावं लागतं.” तुम्ही तिची वही उचलून बघितलीत आणि म्हणालात, “थांब हो. थांबलीस की तुझं अक्षरही जरा वाचण्यासारखं येतंय.”

माझं काम मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. “कॉम्प्युटरवर करतेस तरी काय?” असं तुम्ही विचारायचात आणि मी “प्रोग्राम लिहिते” म्हणून विषय संपवायची. आता सांगते. आमची कंपनी किनाऱ्यावरच्या मासेमारी बोटींना हवामानाचे इशारे पोचवते. इशारा आला की प्रत्येक बोटीसाठी, ती कुठे आहे त्याप्रमाणे, वेगळा मेसेज तयार होतो, आणि हे मेसेज आमच्या सर्व्हरमधून पुढच्या सर्व्हरकडे सतत वाहत राहतात. त्या वाहण्याला आम्ही स्ट्रीम म्हणतो. यात लिहिणारा लिहून मोकळा होतो, समोरच्याने ते घेईपर्यंत ताटकळत बसत नाही. वेगासाठी ते चांगलंच. पण म्हणूनच त्यात एक सोय ठेवलेली असते, घेणारा सांगतो की आता मला इतकेच दे. तितके द्यायचे आणि त्याने पुन्हा मागेपर्यंत थांबायचं. याला आमच्यात बॅकप्रेशर असं भारदस्त नाव आहे. तुम्ही ते पाटावर बसवून मला शिकवलं होतं, आणि तरी माझ्या प्रोग्राममध्ये मी ते पाळलं नव्हतं. चाचणीत थोड्याच बोटी होत्या, घेणारा कधी मागे पडला नाही, म्हणून त्याचं मागणं ऐकायची गरजच मला वाटली नाही. नंतर करू म्हटलं, आणि राहिलं.

नारळी पौर्णिमा होऊन महिना झाला होता. एका सकाळी इशारा आला, तासाभरात तो बदलला, लगेच पुन्हा बदलला. दर वेळी सगळ्या किनाऱ्यासाठी नवे मेसेज. पुढचा सर्व्हर आधीचेच उपसत होता आणि माझा प्रोग्राम त्याच्या अंगावर ओतत होता. न घेतलेले मेसेज मेमरीत साचले, मेमरी भरली, आणि अकराच्या सुमाराला सगळंच बंद पडलं. साचलेले मेसेज त्याबरोबर नाहीसे झाले. माझ्या स्क्रीनवर मात्र प्रत्येक बोटीपुढे हिरव्या अक्षरांत ‘पाठवला’. माझ्या दादाच्या बोटीपुढेसुद्धा. वहिनीचा फोन आला, “वारा वाढलाय गो, हे लोक वळले असतील ना?” मी स्क्रीनकडे बघत तिला सांगितलं, “मेसेज गेलाय त्यांना. तू जेवून घे.”

बोट चारला बंदराला लागली. मी धावत गेले तेव्हा लोक थोरल्या खलाशाला धरून उतरवत होते. त्यांना आम्ही लहानपणापासून मामा म्हणतो. जाळं ओढताना दोर हाताला गुंडाळला जाऊन त्यांचा हात कोपराखाली मोडला होता. दादा नखशिखांत भिजलेला. मी विचारलं, “मेसेज बघितला नाहीस?” त्याने कमरेची प्लॅस्टिकची पिशवी सोडून फोन माझ्या हातात दिला. “तूच बघ. काय आला न्हाय. बाजूची बोट वळली ती बघून आम्ही वळलो, तवर वारा सुटला व्हता.” त्या फोनवर सकाळपासून एकही मेसेज नव्हता. बाई, मी तिथे उभी होते आणि माझे कान तसेच तापले.

दुसऱ्या दिवशीच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, “समुद्रात रेंज नसते, तसंच अहवालात लिहू या. सगळ्यांना पटेल.” खरंच सगळ्यांना पटलं असतं. सर्व्हरच्या नोंदी मी पहाटेच उठून वाचल्या होत्या, दुसऱ्या कोणी वाचल्या नव्हत्या. मी म्हटलं, “रेंजचा प्रश्न नव्हता. पुढचा सर्व्हर थांब म्हणून सांगत होता. माझा प्रोग्राम ऐकत नव्हता. हे मी लिहिलंय, आणि न पोचलेल्याला ‘पाठवला’ म्हणणारी स्क्रीनसुद्धा मीच केली आहे.” साहेबांनी विचारलं, “अहवालात हे असंच जाऊ दे?” मी हो म्हटलं. ते काम माझ्याकडे राहिलं, पण आता माझी प्रत्येक ओळ दुसरा एक जण तपासतो, आणि तो माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही.

पुढचे दोन आठवडे मी तो भाग नव्याने लिहिला. आता घेणारा मागेल तितकेच मेसेज जातात. न मागितलेले डिस्कवर जपून राहतात. एकाच बोटीसाठी नवा इशारा आला तर जुना बाजूला होतो, म्हणजे शिळ्या इशाऱ्यापायी ताजा अडून राहत नाही. आणि बोटीवरच्या फोनकडून उलट खूण आल्याशिवाय स्क्रीनवर ‘पोचला’ उमटत नाही. त्यानंतर एकदा खरा इशारा आला. दादाच्या बोटीपुढे सतरा मिनिटं काहीच नव्हतं, आणि ती रिकामी जागा बघत बसणं फार अवघड गेलं. मग ‘पोचला’ आलं. दादा दुपारी घरी जेवायला होता.

मामांकडे मी मधेच जाऊन आले होते. हात प्लास्टरमध्ये, पडवीत बसलेले. मी सांगितलं, “मामा, चूक माझी होती.” ते माझ्याकडे बघत राहिले. “व्हय का? मला वाटला, दर्याची.” मग दुसऱ्या हातातली तंबाखूची डबी माझ्यापुढे करून म्हणाले, “एवढी उघडून दे.”

हे सगळं तुम्हाला सांगावं म्हणून बसले, पण पत्र पाठवू कुठे? तुमचं घर आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना भाड्याने देतात. लॅपटॉपमध्येच राहील. आणि अजून एक राहिलंय, जे सांगायचं मी इतकी पानं टाळतेय.

तुम्हाला अर्धांगवायू झाल्यावर मी एकदाच भेटायला आले होते. तुम्ही माझा हात धरलात आणि काहीतरी सांगायला लागलात. “पा...” इतकंच आलं. पुन्हा “पा...” तुमच्या कपाळाची शीर उठली होती. मला मांडव्याहून चारची लाँच गाठायची होती. मी म्हटलं, “पाणी हवंय का, बाई?” आणि उठून भांडं तुमच्या ओठांना लावलं. तुम्ही माझ्याकडे बघत ते सगळं प्यायलात. तुम्हाला तहान नव्हती, बाई. ते मला तेव्हाच दिसलं होतं.