टिटवीचा उपयोग काय?

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. कंबर कशी आहे? मामी म्हणाली, बसता येतं पण उठता येत नाही. (आमच्या साहेबांचंही तेच आहे, पण त्यांना त्याचा पगार मिळतो.) इकडे सगळे बरे आहेत. पोरगी पदवी घेऊन ऑफिसात लागली, असं आई अजून शेजारीपाजारी सांगते. पोरगी कमरेइतक्या चिखलात उभी असते, एवढं मात्र गाळते.

काम असं, की ऑफिसमागच्या तळ्यात जे जे जिवंत आहे त्याची वहीत नोंद करायची. तीन महिन्यांत दोनशे अकरा जीव भरले. सात जातींचे बेडूक, एकोणीस जातींचे चतुर, एक पाणसाप (हा बुटात सापडला, बूट हेडक्लार्कचा होता). वही साहेबांपुढे ठेवली, तर त्यांनी थेट शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. रकाना 'उपयोग'. मी तो कोराच सोडला होता.

"मॅडम, ही टिटवी. हिचा उपयोग काय? नसेल तर खोडा. तसंही सोमवारी तळं बुजवतोय, पार्किंग होणार आहे."

मामा, घरातली पहिली पदवीधर मी. मान खाली घालायला एवढं शिकले का? तिथेच बसून रकाना भरला. बेडूक: डास खातो. डास: बेडकाला पुरतो. टिटवी: जे दिसेल ते ओरडून सांगते. मग दोनशे बारावी नोंद केली. जीव: साहेब. आढळ: खुर्चीत. हालचाल: जेवणाच्या सुट्टीत. उपयोग: अद्याप आढळलेला नाही, तरीही खोडू नये.

साहेबांनी रिवाजाप्रमाणे न वाचता प्रत्येक पानाखाली सही केली आणि वही वरच्या ऑफिसात गेली. तिथे मात्र कुणीतरी वाचली. (सरकारी कागद वाचणारी ही जात दुर्मिळ, तिचीही नोंद व्हायला हवी.) आता लेखी माफी माग, नाहीतर घरी जा, असा मेमो हातात आहे. मी उत्तर दिलंय: माफी मागते, पण साहेबांनी आधी टिटवीची मागावी. वेळ पडली तर टिटवी समुद्र आटवते म्हणतात. हिला तर फक्त एक तळं राखायचंय.

आपली,
(सोमवारपर्यंत तरी नोकरीत असलेली) भाची

ता. क. टिटवीनं काठच्या खडीवर चार अंडी घातलीत. नेमकी जेसीबी वळेल तिथे.

ता. क. २. जेसीबी तुमचा आहे, हे मला कंत्राटाच्या कागदावरून कळलं. त्याच मशीनच्या कमाईवर माझं शिक्षण झालं, हे विसरले नाही. म्हणून भांडत नाही, विनंती करते: सोमवारी मशीन पाठवू नका.

ता. क. ३. विनंती अमान्य असली तरी हरकत नाही. किल्ली माझ्याकडे आहे. उगाच वाकून शोधू नका. मामीनं परवा पाठवलेल्या डब्यात तळाशी होती. चुकून आली का, असं फोनवर विचारलं, तर म्हणाली, "चुकून कशाला? पंधरा वर्षं त्या मशीनवर बसून यांची कंबर गेली. अंड्यांतून पिल्लं निघेपर्यंत हे आणि मशीन, दोघंही बसू देत घरी."