ताईच्या नावानं

बाबा,

काल तुम्ही ताईच्या नावाची पहिली शिष्यवृत्ती दिलीत. शाळेत शिकवत एम.ए. करायला निघालेली ती बाई माइकवर म्हणाली, "असे वडील सगळ्यांना मिळोत." टाळ्या झाल्या, तुमचे डोळे भरून आले. मी मागे चहा ओतत होते. तो सगळा बशीतच गेला.

ताईनंही एम.ए.चा हट्ट धरला होता ना? "शाळेत चिकटलीस, पुरे झालं की," असं तुम्हीच म्हणाला होतात. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही, आणि मग तिचं दुखणंच निघालं.

मीही तिच्यासारखीच शाळेत शिकवते. काल पाहुणे गेल्यावर विचारलं, "बाबा, मीही पुढं शिकायला जाऊ का?" तुम्ही फोटोवरचा हार सारखा करत म्हणालात, "घरच्याच पोरीला दिली तर लोक काय म्हणतील?"

मी शिष्यवृत्ती मागतच नव्हते, बाबा. जाऊ का, एवढंच विचारत होते.

हे तोंडावर बोलवत नाही, आणि पत्रही माझ्याच्यानं तुमच्या हातात देववणार नाही. पण माझ्याही नावानं कधी काही करायचं मनात असेल, तर मी आहे तोवरच करा.

तुमची उरलेली मुलगी