खेकड्याच्या दोन नांग्या

सेबू, ४ फेब्रुवारी

ती. पुरिंगमावशीस लुनिंगचा सा. न. वि. वि.

आर्किटेक्ट म्हणून मला पहिलं स्वतंत्र काम मिळालंय, तेही आपल्या मालिनावच्या किनाऱ्यावर! संडास, न्हाणीघरं, कपडे बदलायच्या खोल्या. हसू नकोस. महापौरांना इमारत खेकड्याच्या आकाराची हवीय. एका नांगीत बायका, दुसरीत पुरुष, डोळ्यांत दिवे. पोटात काय, विचारलं, तर म्हणाले, माझा पुतळा. तू इतकी वर्षं तिथे शेगडीवर माकुळ मासे भाजून विकतेस. लोकांना खरंच काय लागतं ते कळव. 

माया आटू देऊ नकोस.
तुझी लुनिंग

मालिनाव, १२ फेब्रुवारी

चि. लुनिंगला अ. उ. आ.

तुझी आई गावभर सांगत सुटलीय, पोरगी चर्च बांधतेय म्हणून! मी तोंड मिटून आहे.

आता ऐक. रविवारी पुरुष आत शिरले की लगेच बाहेर. बायकांची रांग मात्र पार माझ्या शेगडीपर्यंत. ताटकळलेल्या त्या बायकाच माझं गिऱ्हाईक! रांग मोडलीस तर माझा धंदा बसला. पण परवा भर उन्हात एक पोटुशी बाई शेगडीवर कोसळता कोसळता वाचली. मला जेवण गेलं नाही. माझं व्हायचं ते होवो, दोन्ही नांग्या बायकांना दे.

लोभ आहेच, तिखटही आहे.
पुरिंगमावशी

सेबू, २ मार्च

ती. मावशीस सा. न. वि. वि.

महापौर भडकले. पुरुषांना काय खेकड्याच्या मागच्या पायांत कोंबू, म्हणाले. हट्ट धरलास तर काम दुसऱ्याला देईन, अशी तंबीही दिली. मावशी, नकाशा बदलून टाकू का गं?

घाबरलेली,
लुनिंग

मालिनाव, १० मार्च

चि. लुनिंगला अ. उ. आ.

खबरदार बदललास तर! रविवारी महापौरांच्या आईला, डोन्या सेराफिनांना, माकुळ खायला बोलावलं. नको नको म्हणत असताना शहाळ्यांवर शहाळी पाजली आणि रांगेत नेऊन उभं केलं. मला पुढे घ्या, म्हणाल्या. पुढची बाई म्हणाली, आजी, इथे सगळ्याच राण्या आहेत! शेवटी एका पायावर नाचत त्यांनी लेकाला बोलावलं आणि चारचौघांत विचारलं, की तुझा पुतळा मुतायला जातो का रे? नाही ना? मग त्याची जागा आम्हाला दे!

झालं. नांग्या बायकांच्या, पोटही बायकांचं, पुरुष मागच्या पायांत. दिवे तेवढे राहू देत म्हणतो बिचारा.

मावशी

मालिनाव, ९ डिसेंबर

चि. लुनिंगला पोटभर आशीर्वाद.

उद्घाटन झालं. फादरनी तीर्थ शिंपडलं, नांगीत पहिला मान डोन्यांनी घेतला. बायका आता भुर्रकन जाऊन येतात. दोन रविवार माझ्याकडे काळं कुत्रं फिरकलं नाही. मग शेगडी उचलली आणि मागच्या पायांपाशी मांडली. तिथे आता पुरुषांची ही लांब रांग! काल महापौर स्वतः उभे होते. पाय आवळून तीन माकुळ खाल्ले आणि घासाघीस करायचं भानही राहिलं नाही.

येशील तेव्हा रिकाम्या पोटी ये.
तुझी पुरिंगमावशी