ओढ्यापर्यंत सोडायला

आई,

काल तुझ्या तिकडची एक बाई माझ्याकडे जेवून गेली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्यामागून पपा गेले, सरोजिनी नगरचं आपलं क्वार्टर पाडून तिथे काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तेव्हा मला वाटलं होतं की तिकडचा विषय आता संपला. संपला नव्हता. आजारी भावाला ऑपरेशनसाठी घेऊन तो विषयच विमानाने दिल्लीत उतरला, आणि रविवारी चर्चमध्ये जाऊन माझा पत्ता विचारायला लागला.

तिकडे म्हणजे केनिया. हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं, शेजारच्या मुलांना देवघर कुठे आहे ते माहीत असतं तसं. लग्नाआधी तू तिथे मिशनरी होतीस. तुझ्या माहेरच्या, नगरच्या ख्रिस्ती मंडळीने वर्गणी काढून आपल्यातली एक तरुण मुलगी परदेशी सेवेला पाठवली, मुंबईहून मोंबासापर्यंत बोटीने, तिथून रेल्वेने आणि पुढे मक्याच्या पोत्यांवर बसून लॉरीने, एका मुलींच्या शाळेत. बोटीवर तू नुसती ओकत होतीस आणि मधल्या वेळात स्तोत्रं म्हणत होतीस, असं पपा सांगायचे. तू त्यांची चूक दुरुस्त करायचीस, 'उलट. स्तोत्रं म्हणत होते आणि मधल्या वेळात ओकत होते.' पहिल्याच शनिवारी तू गावात शुभवर्तमान सांगायला गेलीस, तर बायकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी साखरेचा भाव विचारला. त्यांनी पाहिलेला प्रत्येक हिंदुस्थानी दुकानदार होता आणि प्रत्येक मिशनरी गोरा. मिशनच्या बंगल्यात तर आणखी पंचाईत. गोरे जेवणाच्या टेबलावर, तिथले शिक्षक स्वयंपाकघरामागे, आता हिला कुठे बसवायचं? मग व्हरांड्यात एक छोटं टेबल मांडून दिलं, तुला एकटीला. आठवड्याभरात शाळेतल्या मुली आपापल्या थाळ्या घेऊन त्या टेबलाभोवती जमिनीवर बसायला लागल्या, मग तूही खाली बसलीस, आणि टेबलावर मांजर झोपायला लागलं. हे तू हसत सांगायचीस. पुढे सरोजिनी नगरात शेजारणी म्हणायच्या, 'क्रिश्चन हैं, तो केरल के होंगे आप लोग?' तेव्हाही तशीच हसायचीस.

मला हसू यायचं नाही. माझ्या वर्गातल्या मुलींना हेवा करायला एखादी मावसबहीण असायची. मला एक अख्खा देश होता. मी ताटात भेंडी टाकली की तिकडच्या मुलींना भेंडी बघायलाही मिळायची नाही. मला पलीकडच्या ब्लॉकमधली शाळा लांब वाटली की तिकडच्या मुली दोन टेकड्या ओलांडून, चिखलातून, गाणी म्हणत यायच्या. गाणी म्हणत, हे तू एकदाही वगळलं नाहीस. रात्री जेवणाआधीच्या प्रार्थनेत त्यांच्यासाठी इतका वेळ घ्यायचीस की भात निवायचा. माझी पाळी सगळ्यात शेवटी, 'आणि हिला बुद्धी दे', आमेन. मी घरात एकुलती एक, आणि तरी माझा नंबर शेवटचा. शनिवारी तू मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि बारीक चिरलेली पालेभाजी करायचीस. पपा तो गोळा चमच्याने ठोकून बघायचे आणि म्हणायचे, 'भिंत बांधायची आहे का कुठली?' तू न रागावता खायचीस, बोटांनी, डोळे कुठेतरी लांब. त्या डोळ्यांचा मला राग यायचा. आणि त्या फोटोचा. लॉरीच्या मागच्या फळीवर तू बसली आहेस, पाय अनवाणी, तोंड उघडून हसते आहेस, सगळे दात दिसताहेत. ते दात मी घरात कधी पाहिले नाहीत. आमच्या वाट्याला मिटलेल्या ओठांचं हसू आलं. दात तू तिकडेच वापरून संपवलेस, असं माझं मत होतं.

आणि तुझं ते सोडायला जाणं. घरी कोणीही येवो, तो निघाला की तू पदर खोचून, पायांत चपला सरकवून त्याच्याबरोबर बाहेर. नुसतं फाटकापर्यंत नाही, चांगलं बस-स्टॉपच्या अर्ध्या वाटेपर्यंत. चर्चचे पाळकसाहेब असोत, पपांच्या ऑफिसातले असोत, तुझ्या स्वयंपाकाला नावं ठेवून वर डबा भरून नेणाऱ्या आत्या असोत. जूनच्या लूमध्येसुद्धा. मी म्हणायचे, 'आई, त्यांना रस्ता माहीत आहे.' तू म्हणायचीस, 'रस्ता माहीत असतो गं,' आणि जायचीस. मी आपली खिडकीत उभी, तुझी पाठ बघत.

मी बारावीनंतर पुण्याला शिकायला निघाले तो दिवस. त्या सकाळी विम्याचा माणूस आला होता. त्याला तू नेहमीसारखी अर्ध्या वाटेपर्यंत सोडून आलीस. दुपारी माझी टॅक्सी आली. ट्रंक टपावर चढली, पपा पुढे बसले. तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस, हाताला कणीक आहे. म्हणतेस, 'पोचलीस की कळव. मेसमध्ये भूक राहिली तर मागून घे, गुमान उठू नकोस.' आणि आत जातेस. फाटकापर्यंतसुद्धा येत नाहीस. टॅक्सी वळेपर्यंत मी मागे बघत होते. पुढच्या प्रत्येक सुट्टीनंतर तेच. लग्न होऊन निघाले तेव्हाही तेच, फक्त हाताला कणकेऐवजी केकचं पीठ होतं. नंतर मी जगाची टिंगल करणारे लेख लिहायला लागले. दिवाळी अंकवाले ते हौसेने छापतात आणि बाईंची लेखणी तिखट आहे म्हणतात. हे तिखट कुठल्या दुकानातलं, ते त्यांना माहीत नाही. विम्याच्या माणसाला जे मिळालं ते मला मिळालं नाही, तिथलं आहे ते.

तर पाळकसाहेबांचा फोन आला. हे नवे, तरुण. 'ताई, एक केनियन आंटी आल्या आहेत. तुमच्या मदरच्या स्टुडंट होत्या म्हणतात. मुलगी इथेच द्वारकेला असते म्हटल्यावर बिल्कुल रडायलाच लागल्या हो. पाठवू का?' म्हटलं, 'पाठवा. जेवायलाच पाठवा.' आणि मुद्दाम मटणाचा रस्सा आणि भाकरीचा बेत केला. मक्याचा गोळा नाही, पालेभाजी नाही. तू मुळात कुठली होतीस ते त्या बाईला ताटातच दिसावं, एवढाच उदात्त हेतू. नवरा म्हणाला, 'अगं, आफ्रिकेतली बाई, तिला तिखट झेपेल का?' म्हटलं, 'ती माझ्या आईच्या हातचं खाऊन मोठी झालीय. तू आपलं तुझं बघ.'

सत्तरीची असेल. उंच, जांभळा फुलाफुलांचा झगा, डोक्याला त्याच कापडाचा फेटा, गुडघे दुखरे. दारातच तिने माझे दोन्ही हात धरले आणि इतका वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली की मला वाटलं, दाताला काही लागलंय. 'म्वालिमूचं कपाळ,' ती म्हणाली. म्वालिमू म्हणजे बाई, शाळेतल्या. आमचं बोलणं सगळं इंग्रजीत, पण बूट काढून आत येताना ती स्वतःच्या गुडघ्यांना 'चला, चला' म्हणाली, अगदी तुझ्या सुरात. माझी दिल्लीत वाढलेली मुलगी 'चलो' म्हणते.

भाकरी मी आमच्या सोसायटीतल्या सोलापूरच्या वहिनींकडून मागवली होती, कारण मला थापता येत नाही. तिने ताटातली भाकरी उचलली, उलटी करून पाहिली, वास घेतला. मग हवेत दोन्ही तळव्यांनी तो थापायचा आवाज काढला. 'म्वालिमूने आम्हाला शिकवली. मक्याच्या पिठाची. आमच्या वर्गातल्या सगळ्यांना यायची. तू केलीस ना ही?'

नवऱ्याने पाण्याचा पेला तोंडाला लावला. मी म्हटलं, 'नाही. मला नाही शिकवली.'

तिला ते खरं वाटेना. मलाही आता वाटत नाही. दिल्लीत फुलके चालतात म्हणून तू मला भाकरी शिकवली नाहीस, आणि विषुववृत्तावर एका अख्ख्या वर्गाला शिकवलीस. मी तिच्या ताटात रस्सा वाढला. जरा जास्तच वाढला.

जेवताना ती तुझ्याबद्दल बोलत राहिली. तू सायकलवरून पडलीस ते, पंक्चर काढायला शिकलीस ते, नदीला पूर आला म्हणून एका लग्नघरात अडकलीस आणि तिथे तुला नाचायला लावलं ते. नाचायला, आई. मी ऐकत होते, हसत होते, आणि आत कोणीतरी नखं कुरतडत होतं. मग ती म्हणाली, 'आणि सोडायला यायची. तुला आठवतं, ती कशी भराभर चालायची?'

मी म्हटलं, 'मला कसं आठवेल? सगळ्यांना सोडायला जायची. मला सोडून.'

तिने घास खाली ठेवला. 'तुला कधीच नाही?'

'कधीच नाही. पुण्याला निघाले तेव्हासुद्धा दारातूनच.'

नवरा उगीचच कांदा वाढायला उठला. मग ती म्हणाली, 'ते आम्ही शिकवलं तिला. आमच्याकडे पाहुण्याला अर्ध्या वाटेपर्यंत सोडतात. घरच्या माणसाला कोण सोडायला जातं? घरचं माणूस काय, आत्ता जातं, परत येतं. त्याला सोडायला जाणं म्हणजे, आता तू इथली नाहीस, असं सांगणं.'

मी ताटाकडे बघत होते. ती थांबली नाही. 'मला आई नव्हती. काकाकडे राहायचे. सुट्टी लागली की म्वालिमू आम्हा सगळ्या मुलींना ओढ्यापर्यंत सोडायला यायची. एका वर्षी मी शाळेच्या मागे लपून बसले. म्हटलं, बाकीच्यांना सोडून येऊ दे, मी इथेच राहीन, तिच्याजवळ. तिने मला शोधून काढलं. हात धरला आणि म्हणाली, चला, तुलाही सोडते. मी ओढ्यापर्यंत रडत गेले. मुलींना वाटलं काकाच्या भीतीने रडते आहे.' मग पदरासारखं झग्याचं टोक हातात घेऊन म्हणाली, 'ती लग्न करायला परत निघाली ना, तेव्हा मी रोज प्रार्थना करत होते की तिला सगळे मुलगेच होऊ देत. तुझी माफी मागते.'

'वाया गेली,' मी म्हटलं.

'हो,' ती म्हणाली. 'दिसतंय.'

आई, मला किती आनंद झाला ते तुला सांगायला हवं, कारण तो चांगला आनंद नव्हता. समोर एक म्हातारी बाई, भाऊ हॉस्पिटलात, डोळ्यांत पाणी, आणि मला मनात उड्या माराव्याशा वाटत होत्या. इतकी वर्षं मी जिचा हेवा केला ती माझा हेवा करत बसली होती, मी जन्मायच्याही आधीपासून. विम्याचा माणूस पाहुणा होता. तिकडचा अख्खा वर्ग पाहुणा होता. नुसतं सांगायचं होतंस गं, एकदा, कणकेच्या हातांनी. पण तू सांगणारी नव्हतीस, आणि तुझा नियम उलट्या बाजूनेही चालतो, हे कदाचित तुला सुचलं नसेल. तुला आम्ही दफनभूमीपर्यंत सोडायला आलो होतो. मी पेटीच्या मागेच चालत होते. कोणी मला सांगितलं असतं तर मी घरीच थांबले असते, कणीक मळत.

संध्याकाळी ती निघाली. मी दारात उभी, आणि आता काय करायचं ते कळेना. गेले तर ती पाहुणी. न गेले तर ती तुझी मुलगी, म्हणजे माझी थोरली बहीण. तीही थांबली होती. बूट घालून झाले तरी फीत बांधत होती, वाट बघत होती. एवढं एक तिला देता आलं असतं. दारातून म्हणायचं, पोचलीस की कळव. दोनतीन शब्दांचं काम.

मी चपला पायांत सरकवल्या.

तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि हसली. तुझ्या फोटोतल्यासारखी, सगळे दात दाखवून. गेटवर गार्ड म्हणाला, 'मैडम, आंटी जी के लिए ऑटो बुला दूँ?' म्हटलं, 'नहीं, हम पैदल जाएँगे.' दुधाच्या बूथपाशी साधारण अर्धी वाट होते. तिथे ती उभी राहिली. 'झालं. आता तू परत फिर. अशीच पद्धत आहे.' मी म्हटलं, 'अजून थोडं येते.' अर्ध्यावर सोडलं असतं तर कदाचित शंका राहिली असती. मी तिला पार मेट्रो स्टेशनपर्यंत नेलं, माझं कार्ड वापरून आत गेले, वर प्लॅटफॉर्मपर्यंत. इतकी पाहुणी आजवर कोणी झाली नसेल. ती जिना चढताना माझ्या खांद्यावर भार देत होती आणि म्हणत होती, 'तू नक्की तिचीच मुलगी आहेस. तीही अशीच दुष्ट होती.'

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पाठवता आलं असतं तरी नसतं पाठवलं. तू आधी त्यातलं शुद्धलेखन तपासलं असतंस आणि मग तिची चौकशी केली असतीस, भाऊ कसा आहे, गुडघ्यांना काय लावते. माझी पाळी शेवटी. पण एक सांगून ठेवते. गाडी आली तेव्हा ती पुढे झाली, आणि मी तिला हात धरून मागे ओढलं. म्हटलं, 'ही जाऊ दे, फार गर्दी आहे. दुसरी येईल.' ती माझ्याशेजारी बाकावर बसली. समोरचा डबा रिकामा होता.